झोत किती लांब, उजेड किती मोठा

हातात धरायच्या विजेच्या दिव्याची ताकद दोन वेगळ्या मापांनी सांगितली जाते. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो हे पहिले माप. ते लुमेनमध्ये मोजतात. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे हे दुसरे माप. ते कँडेलात मोजतात, आणि झोत किती मीटरपर्यंत पोहोचतो हे त्यावरूनच ठरते. एक माप वाढले म्हणजे दुसरेही वाढेलच असे नाही. एक लाख लुमेनची टॉर्च पाचशे लुमेनच्या टॉर्चपेक्षा कमी अंतर गाठते, अशी उदाहरणे बाजारात आहेत. शक्तिशाली टॉर्चच्या शौकिनांमध्ये रंगणारे बहुतेक वाद याच दोन मापांभोवती फिरतात, आणि साध्या गिऱ्हाइकाची फसगतही बहुधा इथेच होते.

हा फरक समजून घ्यायला बुऱ्हाणपूर जिल्हा सोयीचा आहे. तापीकाठचे केळीचे मळे, सातपुड्याचे जंगल, डोंगरमाथ्यावरचा असीरगड आणि जमिनीखालचा कुंडी भंडारा अशी चार तऱ्हेची ठिकाणे इथे जवळजवळ आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी लागणारा उजेड निराळा आहे. शेतकरी टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालायच्या नळकांड्यांना ‘सेल’. मार्च २०२५ मध्ये या बॅटऱ्या देशभर दिसल्या. बुऱ्हाणपूरच्या मोगल खजिन्याची लूट दाखवणारा ‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर असीरगड गावाजवळच्या शेतात मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात अशी अफवा उठली, आणि रात्री मोबाइल, बॅटऱ्या, फावडी नि धातुशोधक यंत्रे घेऊन लोकांनी शेतात खड्डे खणायला सुरुवात केली. प्रशासनाला मध्ये पडावे लागले. त्या रात्रींच्या चित्रफितींत शेतभर शेकडो दिवे दिसतात, पण त्यांच्यामागचा गड अंधारातच राहतो. पायाजवळची माती दाखवायला त्या दिव्यांचा प्रकाश पुरत होता; डोंगरावरच्या तटापर्यंत तो जाणे शक्य नव्हते.

लुमेन, कँडेला आणि लक्स

साधी मेणबत्ती कोणत्याही एका दिशेला सुमारे एक कँडेला तीव्रतेचा प्रकाश देते, आणि सगळ्या दिशांचा मिळून तिचा प्रकाश साधारण १२ लुमेन भरतो. घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० लुमेन देतो. हा प्रकाश चहूकडे पसरत असल्यामुळे कोणत्याही एका दिशेला त्याची तीव्रता शंभरेक कँडेलाच असते. हेच ९०० लुमेन चांगल्या परावर्तकातून एका अरुंद शंकूत गोळा केले, तर शंकूच्या मध्यभागी ४० हजार कँडेलाही मिळू शकतात. प्रकाश तेवढाच असतो, फक्त त्याची वाटणी बदलते. मळ्यात पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी वाढत नाही, पण धार लांब जाते. परावर्तक प्रकाशाचे तसेच करतो.

लक्स हे तिसरे माप. प्रकाश ज्या पृष्ठभागावर पडतो, तिथे दर चौरस मीटरला किती लुमेन मिळतात, ते लक्स सांगते. कँडेला आणि लक्स यांना जोडणारा नियम सोपा आहे: कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. १० हजार कँडेलाचा झोत १० मीटरवर १०० लक्स देतो, १०० मीटरवर एक लक्स आणि २०० मीटरवर पाव लक्स. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. शौकिनांच्या चर्चेत सगळ्यात जास्त दमछाक करणारा नियम हाच, कारण त्याची उलटी बाजू महागात पडते: पल्ला दुप्पट हवा असेल तर तीव्रता चौपट करावी लागते, आणि दसपट पल्ल्यासाठी शंभरपट.

पौर्णिमेच्या चांदण्याचे मानक

‘झोत पाचशे मीटर जातो’ या वाक्याला पूर्वी नेमका अर्थ नव्हता. प्रकाश कुठेतरी अचानक थांबत नाही, तो विरळ होत जातो, म्हणून पल्ला कुठे संपला हे ठरवावे लागते. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी ‘एएनएसआय एफएल १’ हे मानक आले आणि ही मर्यादा पाव लक्सवर ठरली. निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चंद्राचा जमिनीवर पडणारा प्रकाश साधारण याच पातळीचा असतो. झोताच्या मध्यावरचा उजेड ज्या अंतरावर पाव लक्सपर्यंत उतरतो, ते अंतर हा त्या टॉर्चचा पल्ला. जगभरच्या नामांकित कंपन्या खोक्यावर हाच आकडा छापतात.

पाव लक्स म्हणजे किती, याचा अनुभव बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या मेळघाटात दरवर्षी घेतला जातो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून वनखाते आणि निसर्गप्रेमी प्राण्यांची नोंद करतात. दिवा लावायचा नसतो. असतो तो फक्त चंद्रप्रकाश. पाणवठ्यावर गवा आला की सांबर, हे आकारावरून आणि चालीवरून ओळखता येते. मात्र रंग कळत नाही, आणि झाडाच्या सावलीत उभा राहिलेला प्राणी सहज नजरेतून सुटतो. खोक्यावरच्या पल्ल्याच्या शेवटच्या टोकाला टॉर्चचा उजेड इतकाच असतो. शिवाय मचाणावरचा माणूस पाणवठ्यापासून थोड्याच अंतरावर असतो, आणि टॉर्चच्या पल्ल्याचे टोक शेकडो मीटर दूर असते. म्हणून छापील पल्ल्याच्या निम्मे अंतर, जिथे एक लक्स मिळतो, ते कामाचे अंतर मानण्याचा प्रघात आहे. वस्तू नीट ओळखायची असेल तर तिसरा हिस्साच धरावा. तिथे सव्वादोन लक्स मिळतात.

या मानकातून निघणारे सूत्र तोंडी हिशोबाचे आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की पल्ला मीटरमध्ये मिळतो. २,५०० कँडेलाचा पल्ला १०० मीटर, १० हजारांचा २०० मीटर, ४० हजारांचा ४०० मीटर, अडीच लाखांचा एक किलोमीटर आणि दहा लाखांचा दोन किलोमीटर. खोक्यावर कँडेला आणि मीटर दोन्ही छापलेले असतील आणि ते या सूत्रात बसत नसतील, तर त्यातला एक आकडा चुकीचा आहे हे दुकानातच कळते.

असीरगडावर हा हिशोब लावून पाहता येतो. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पायथ्यापासून तो सुमारे अडीचशे मीटर वर उठतो. पायथ्याच्या एखाद्या जागेपासून तटापर्यंतचे तिरके अंतर ६०० मीटर धरले, तर तटावर पौर्णिमेएवढा उजेड पाडायला ९० हजार कँडेला लागतील. तटाचे दगड आणि बुरूज वेगळे दिसावेत म्हणून तिथे एक लक्स हवा असेल, तर ३ लाख ६० हजार कँडेला लागतील. मोबाइलच्या दिव्याची तीव्रता काही दशक कँडेला असते आणि पल्ला दहा-पंधरा मीटर. सोने शोधणाऱ्यांच्या चित्रफितींत गड का दिसत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

दिव्याने दुसरे काही दिसणे आणि खुद्द दिवा दिसणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. असीरगड ते बुऱ्हाणपूर शहर हे अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे. गडावरून कोणी हजार कँडेलाची साधी टॉर्च शहराच्या दिशेने धरली, तर शहरात पोहोचणारा प्रकाश एका लक्सच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम अडीचपट असेल. एवढ्या प्रकाशात कोणतीही वस्तू दिसणार नाही. पण अभिजित ताऱ्याकडून डोळ्यात येणारा प्रकाशही साधारण एवढाच असतो. हवा स्वच्छ असेल आणि पाहणारा शहराच्या दिव्यांपासून दूर असेल, तर त्या टॉर्चचा ठिपका ताऱ्यासारखा दिसू शकतो, मात्र तिचा पल्ला मानकाप्रमाणे अवघा ६३ मीटर भरतो. ‘माझी टॉर्च पाच किलोमीटरवरून दिसते’ हे विधान म्हणूनच खरे असूनही टॉर्चच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही.

झोत कसा घडतो

टॉर्चच्या तोंडातला अंतर्गोल परावर्तक बहुधा पॅराबोला आकाराचा असतो. त्याच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदू ठेवला तर परावर्तित किरण समांतर निघतात. खरा उगम मात्र बिंदूएवढा कधीच नसतो. एलईडीची प्रकाशणारी चकती एक-दोन मिलिमीटरपासून सहा-सात मिलिमीटरपर्यंत रुंद असते, आणि ती जितकी रुंद तितका झोत फाकतो. यावरून लांब पल्ल्याचे दोन उपाय निघतात: उगम लहान पण प्रखर ठेवायचा, किंवा परावर्तक मोठा करायचा.

या दोन्हींना बांधणारा नियम असा की, झोताची तीव्रता म्हणजे उगमाच्या दर चौरस मिलिमीटरची प्रखरता गुणिले टॉर्चच्या तोंडाचे क्षेत्रफळ, वजा काचेत आणि परावर्तकात होणारा तोटा. उगमाची प्रखरता दर चौरस मिलिमीटरला २०० कँडेला आणि तोंडाचा व्यास ५० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर होते आणि तीव्रता तोटा धरण्याआधी सुमारे ३ लाख ९० हजार कँडेला. व्यास १०० मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ आणि तीव्रता चौपट होते, पल्ला दुप्पट होतो. या गणितात एकूण लुमेन कुठेच येत नाहीत. एका एलईडीच्या जागी तशाच दहा बसवल्या तर लुमेन दसपट होतात. पण प्रत्येकीच्या वाट्याला तोंडाचा दहावा भाग येत असेल, तर एकूण पल्ला होता तेवढाच राहतो.

एलईडीवर सिलिकॉनची छोटी घुमटी असते. तिच्यामुळे जास्त प्रकाश बाहेर निघतो, पण उगम फुगल्यासारखा मोठा दिसतो. काही हौशी मंडळी ही घुमटी कापून काढतात. त्याने लुमेन थोडे घटतात, पण प्रखरता वाढते आणि पल्ला लांबतो. नंतर कंपन्यांनी लांब झोतासाठी मुद्दाम सपाट, घुमटीविना एलईडी बाजारात आणल्या. परावर्तकाऐवजी बहिर्गोल भिंग वापरूनही झोत घडवता येतो. पुढे-मागे सरकणाऱ्या स्वस्त ‘झूम’ टॉर्चमध्ये हेच भिंग असते. पूर्ण झूम केल्यावर दूरच्या भिंतीवर चौकोनी ठिपका दिसतो, तो एलईडीच्या चकतीचीच प्रतिमा असतो. त्या अवस्थेत बाजूचा बराच प्रकाश नळीच्या आतच वाया जातो.

परावर्तकाच्या टॉर्चचा उजेड भिंतीवर पाडला की तीन पट्टे दिसतात: मध्यभागी प्रखर ठिपका, त्याभोवती मंद वलय आणि बाहेर पसरलेला फिकट प्रकाश. ठिपका लांबचे दाखवतो, बाहेरचा फिकट प्रकाश पायाजवळचे. परावर्तक गुळगुळीत असेल तर ठिपका धारदार पडतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर कडा मऊ होतात आणि पल्ला थोडा घटतो. लांब झोताच्या टॉर्चला शौकीन ‘थ्रोअर’ म्हणतात आणि पसरट उजेडाच्या टॉर्चला ‘फ्लडर’.

थ्रोअरची सध्याची टोकाची जात म्हणजे लेझरवर चालणारी टॉर्च. तिच्यात निळा लेझर फॉस्फरच्या सूक्ष्म ठिपक्यावर आदळतो आणि तिथून निघालेला पांढरा प्रकाश भिंगातून बाहेर सोडला जातो. उगम अगदी छोटा असल्यामुळे त्याची प्रखरता एलईडीच्या कित्येक पट असते. एसबीम कंपनीच्या डब्ल्यू ३० या टॉर्चचा प्रकाश ५०० लुमेन आणि पल्ला २,४०८ मीटर सांगितला जातो. याच्या दुसऱ्या टोकाला इमॅलेंट कंपनीची एमएस १८: अठरा मोठ्या एलईडी, एक लाख लुमेन, पंख्याने गार होणारे डोके, आणि पल्ला १,३५० मीटर. पहिली टॉर्च दूरच्या बुरुजावर पेन्सिलीसारखी रेघ टाकेल. दुसरी अख्खे मैदान उजळेल. कोणती ताकदवान, हा प्रश्न काम सांगितल्याशिवाय सुटत नाही.

पितळी बॅटरीपासून एलईडीपर्यंत

नळीच्या आकाराच्या विजेच्या टॉर्चचे पेटंट डेव्हिड मिसेल या संशोधकाला अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. ते ज्या कंपनीकडे होते तिच्यातून पुढे एव्हरेडी हे नाव उदयाला आले. भारतात या नावाचे सेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आयात होऊ लागले होते. एव्हरेडीची ‘जीवनसाथी’ ही पितळी टॉर्च खेडोपाडी पोहोचली, आणि तिचे डोके फिरवून फोकस जुळवणे हे रात्री शेतावर जाणाऱ्याच्या हातवळणीचे काम झाले.

त्या टॉर्चमध्ये तारेचा बल्ब असे. दोन मोठ्या सेलवर तो दहा ते वीस लुमेन देई, कारण विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जाई. तरीही ती तार लहान आणि प्रखर असल्यामुळे, फोकस बरोबर जुळला तर झोत शंभरेक मीटर गाठे. मोबाइलचा आजचा दिवा लुमेनमध्ये त्या टॉर्चच्या पुढे आहे, पण पल्ल्यात बराच मागे.

१९९३ मध्ये जपानमध्ये प्रखर निळी एलईडी तयार झाली. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन काही वर्षांतच पांढरा प्रकाश मिळवला गेला. निळ्या एलईडीसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. तारेचा छोटा बल्ब एका वॉटमागे दहा-पंधरा लुमेन देत असे. चांगली एलईडी शंभर ते दोनशे लुमेन देते. तिच्या जोडीला लिथियम-आयन सेल आले, आणि तळहातावर मावणारी टॉर्च हजार लुमेनच्या पुढे गेली.

आकडे तपासायचे कसे

पल्ला घरी मोजता येतो. एक लक्समीटर, पाच मीटरची टेप आणि अंधारी खोली एवढे साहित्य पुरते. पाच मीटरवर झोताच्या मध्यभागी लक्स मोजायचे आणि त्याला २५ ने, म्हणजे पाचाच्या वर्गाने, गुणायचे, कँडेला मिळतात. पाच मीटरवर ४०० लक्स आले तर १० हजार कँडेला, म्हणजे २०० मीटर पल्ला. मोठ्या परावर्तकाच्या टॉर्चला पाच मीटर अपुरे पडतात, कारण तिचा झोत पूर्ण घडायलाच काही अंतर लागते. तिला दहा-वीस मीटरवर किंवा त्याहून लांब मोजावे. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप ढोबळ तुलनेपुरती चालतात.

लुमेन मोजणे अवघड आहे, कारण सगळ्या दिशांचा प्रकाश एकत्र करावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोल असतो. हौशी लोक थर्मोकोलचा गोल किंवा पीव्हीसीचा जाड पाइप वापरून त्याची घरगुती आवृत्ती बनवतात आणि माहीत असलेल्या टॉर्चशी ताडून पाहतात. सगळ्यात सोपी रीत म्हणजे टॉर्च छतावर रोखायची आणि जमिनीवर पडणारा परावर्तित उजेड मोजायचा. दोन टॉर्चची तुलना त्याने बरी होते. झोतांचे फोटो काढून ताडायचे असतील तर कॅमेऱ्याची जुळणी हाताने एकच ठेवावी लागते. ती आपोआप बदलू दिली तर दहा लुमेनचा फोटोही लखलखीत निघतो.

मोजायला साधन नसेल तर अंकगणित पुरते. १८६५० या नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याची क्षमता आज जास्तीत जास्त साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास आहे; त्यावर ९,८०० छापलेले असेल तर ते खोटे आहे. अशा चांगल्या सेलमध्ये १० ते १२ वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटला १२० लुमेन धरले तर पूर्ण भरलेल्या सेलमधून शंभर लुमेन बारा-तेरा तास मिळतील, किंवा हजार लुमेन सव्वा तास. एका सेलच्या टॉर्चवर ‘एक लाख लुमेन’ लिहिले असेल, तर तिला ८०० वॉटहून अधिक शक्ती लागेल. एवढी शक्ती एकाच वेळी देणे त्या आकाराच्या सेलला जमत नाही. आटोकाट ताणले तरी तो शंभरेक वॉट देतो.

खरा आकडाही नीट वाचावा लागतो. मानकाप्रमाणे लुमेन टॉर्च लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर, पहिल्या दोन मिनिटांतच मोजले जातात, आणि टॉर्च चालण्याचा वेळ उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंत धरला जातो. ‘२,००० लुमेन, तीन तास’ असे छापलेले असेल तर दोन हजार लुमेन तीन तास मिळतील असा त्याचा अर्थ नव्हे. बहुतेक टॉर्च दोन-चार मिनिटांत स्वतःहून पाच-सातशे लुमेनवर उतरतात आणि उरलेला वेळ तिथे चालतात. याचे कारण उष्णता. एलईडी कार्यक्षम असली तरी तिला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो, आणि मुठीएवढे ॲल्युमिनियम ती पुरेशा वेगाने हवेत सोडू शकत नाही. मे महिन्यात बुऱ्हाणपूरची हवा रात्रीही तापलेली असते. तेव्हा हा उतार आणखी लवकर येतो.

डोळा, हवा आणि समोरची वस्तू

लुमेन दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही. डोळ्याला दुप्पट भासायला प्रकाश चौपट किंवा त्याहूनही अधिक लागतो. आठशे आणि हजार लुमेनमधला फरक शेजारी शेजारी धरूनही कळणे कठीण असते. शिवाय अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोताने तो सराव काही क्षणांत मोडतो. गरजेपेक्षा मोठा उजेड लावणाऱ्याला झोताबाहेरचे काहीच दिसत नाही.

हवेतली धूळ, धूर आणि धुके झोताचा काही भाग डोळ्याकडेच परत पाठवतात. हिवाळ्यात तापीकाठी पहाटे धुके असले की लांब झोताची टॉर्च समोर पांढरा पडदा उभा करते. टॉर्च कमरेच्या खाली, डोळ्यांपासून दूर धरली की हा त्रास कमी होतो. कपाळाला बांधायचा दिवा धुक्यात आणि पावसात म्हणूनच गैरसोयीचा ठरतो. त्याचा उगम डोळ्याच्या अगदी जवळ असतो.

समोरची वस्तू किती प्रकाश परत देते, यावरही पल्ला ठरतो. चुना लावलेली भिंत पडलेल्या प्रकाशाचा पाऊणहून अधिक भाग परतवते. काळी कापसाची जमीन किंवा असीरगडाचा काळा बेसॉल्ट दहावा भागही परतवेलच असे नाही. त्यामुळे तीच टॉर्च पांढऱ्या घरापर्यंत पोहोचल्यासारखी वाटते आणि तेवढ्याच अंतरावरच्या काळ्या कड्यापर्यंत पोहोचत नाही. याच्या उलट उदाहरण म्हणजे बिबट्याचे डोळे. रात्री वावरणाऱ्या अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकणारा थर असतो, आणि तो प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. टॉर्च नजरेच्या रेषेत धरली तर प्राण्याचे शरीर दिसण्याच्या कितीतरी आधी दोन ठिपके चमकतात. कपाळावरचा दिवा इथे उपयोगाचा ठरतो.

प्रकाशाचा रंगही कामाशी जोडलेला आहे. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा प्रकाश लुमेनचा आकडा फुगवतो, पण त्यात लाल-तपकिरी छटा फिक्या पडतात. केळीच्या पानावरचा करपा किंवा काळ्या मातीवर पडलेला तपकिरी घोणस ओळखायचा असेल, तर उबदार छटेचा आणि रंग खरे दाखवणारा दिवा बरा. अशा एलईडीचे लुमेन थोडे कमी असतात.

काम तसा झोत

शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रपाळीत मिळते, आणि केळीच्या मळ्यात पाणी धरायला अंधारात जावे लागते. तिथे दाट पानांमुळे दहा-पंधरा मीटरपलीकडे काही दिसतच नाही. लांब झोत जवळच्या पानावर आदळून डोळे दिपवतो. या कामाला दोन-तीनशे लुमेनचा पसरट उजेड, हात मोकळे ठेवणारा कपाळदिवा आणि रात्रभर टिकणारा सेल लागतो. नाग-घोणसाच्या मुलुखात पाऊल टाकण्याआधी जमीन उजळणे सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याला पल्ला नव्हे, पायाजवळचे काही लक्स लागतात. पावसाळ्यासाठी खोक्यावरची खूण पाहावी: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

कुंडी भंडारा ही खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, फारसी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांच्या योजनेने बांधलेली जमिनीखालची पाणीव्यवस्था. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्या आणि त्यांना जोडणाऱ्या बोगद्यातून शहराकडे येई. अशा अरुंद बोगद्यात भिंती हाताला लागतात आणि प्रकाश त्यांच्यावरून परतत राहतो, म्हणून शंभर लुमेनही भरपूर होतात. तिथे पल्ल्यापेक्षा पाण्यात पडून न विझणारा दिवा आणि खिशात एक जादा दिवा महत्त्वाचा.

जंगलाची हद्द, नदीपात्र किंवा डोंगरउतार यांवर नजर ठेवायची असेल तिथे मात्र थ्रोअर हवा: ५० हजार ते एक लाख कँडेला, म्हणजे सुमारे साडेचारशे ते सहाशे मीटरचा छापील पल्ला आणि निम्मे कामाचे अंतर. दोन किलोमीटरच्या लेझर टॉर्चची गरज शोध आणि बचावाच्या मोजक्या कामांतच पडते. वन्यप्राण्यांवर झोत रोखून धरणे त्यांना आंधळे करते, आणि संरक्षित जंगलात रात्री परवानगीविना दिवा घेऊन फिरणे अडचणीत आणते. माणसाच्या डोळ्यावर, समोरून येणाऱ्या वाहनावर किंवा विमानावर असा झोत टाकणे धोक्याचे आहे. हजारो लुमेनच्या टॉर्चच्या तोंडाशी काळे कापड किंवा कागद धरला तर तो धुमसू शकतो, म्हणून ती पिशवीत ठेवताना बटण कुलूपबंद करावे.

लिथियम सेलची काळजी उरलेल्या सगळ्याइतकीच महत्त्वाची आहे. आवरण फाटलेला सेल वापरू नये, जुना आणि नवा एकत्र घालू नयेत, आणि तापलेल्या गाडीत टॉर्च सोडू नये. टॉर्च घेताना चार आकडे विचारावेत: दोन-चार मिनिटांनंतर टिकणारे लुमेन, कँडेला, सेलची खरी क्षमता आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाची पायरी. हे चार आकडे मिळाले की पल्ला सूत्राने काढता येतो आणि टिकण्याचा वेळ भागाकाराने. जो विक्रेता यातला एकही आकडा सांगत नाही आणि फक्त लाखांत लुमेन सांगतो, त्याच्या खोक्यावरचा आकडा विकत घेण्यासारखा नसतो.